सावलीत ठेवलेली पाटी

तागाच्या चिंध्या खळीत भिजवायच्या,
लाकडी चेहऱ्यावर एकावर एक थापायच्या,
वाळल्या की डोळ्यांच्या जागी भोकं पाडायची.
बाईचा असेल तर चुना, पुरुषाचा असेल तर गेरू.
कारिस्तोसच्या नाटकवाल्यांसाठी
गेली अकरा वर्षं मी हेच करते.
मला थ्रात्ता म्हणतात.
ते नाव नाही. थ्रेसहून आणलेली बाई, एवढाच त्याचा अर्थ.
या गल्लीत आम्ही चौघी आहोत,
चौघीही थ्रात्ता.

यंदा सावत्र आईचं नाटक आहे.
मालक म्हणाला, ओठ जरा उघडे ठेव,
तिला खोटं बोलायचंय.
मी म्हटलं, खोटं बोलताना ती तोंड उघडत नाही.
तो हसला. तुला गं काय ठाऊक!

क्लिओबुली तोंड उघडायची नाही.
एर्गिनोस अंगणात अंजिराला कलम बांधायचा
आणि ती मागापाशी उभी,
धोटा हातात तसाच,
मागाची मातीची वजनं वाऱ्याने एकमेकांवर वाजत.
अख्खा उन्हाळा.
तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान,
आणि नवरा, म्हणजे त्याचा बाप, तिच्या बापाच्या वयाचा.
एकदाच बोलली ती. कोठाराच्या दाराशी.
मी आत तेल मोजत होते, सगळं ऐकलं:
तिचं बोलणं,
मग त्याचं न बोलणं,
मग बाहेर पाण्याचा आवाज, तो कलमाचा सुरा धूत होता,
स्वच्छ झालेला, तरी धूत होता.

तीन दिवसांनी विहिरीकडून हाका आल्या.
तिच्या बिछान्यावर मेणाची पाटी उघडी पडलेली,
खिडकीतलं ऊन सरकत सरकत तिच्यावर आलेलं,
कडेची अक्षरं ओलसर दिसायला लागलेली.
मला वाचता येत नाही.
मला वाटलं, निरोप असेल, आंद्रोसला आईला धाडायचा असेल,
बिचारीचे शब्द वितळायला नकोत.
मी पाटी उचलली, रांजणामागे गारव्याला ठेवली,
वर ओलं फडकं टाकलं.
थ्रासिप्पोस आला तेव्हा अक्षर न् अक्षर शाबूत होतं.
मीच दिली त्याच्या हातात.
दोन्ही हातांनी.

पुढचं साऱ्या गावाला माहीत आहे, चुकीचं.
पोराने देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली.
बाप म्हणाला, मेलेली बाई खोटं कशाला लिहील?
गेरैस्तोसच्या टोकापाशी त्याची नाव फुटली
तेव्हा लोक म्हणाले, समुद्रालाही कळतं.

मला कुणी विचारलं नाही.
गुलामाची साक्ष इथे चाबकाखालीच खरी धरतात,
आणि मी अंग चोरलं.
मिठाची गुळणी धरून दोन हिवाळे भांडी घासली,
मग त्याने मला इथे विकलं.
स्वस्तात.

आज रंगमंचामागच्या फटीतून पाहिलं.
शेवटी दोरखंड करकरले, देव खाली आला
आणि बापाला सगळं खरं खरं सांगून गेला.
देवाचं काम त्याच नटाने केलं ज्याने तिचं केलं होतं,
आवाज मी ओळखला.
आमच्या घरावर काही उतरलं नव्हतं,
फक्त कबुतरं.

तिसऱ्या रांगेत थ्रासिप्पोस होता, उशी घेऊन,
पाठ पार वाकलेली.
झग्याच्या टोकाने डोळे पुसत
शेजारच्याला म्हणाला,
पाववाल्या बाईने ऐकलं आणि मला सांगितलं,
'असा कसा आंधळा बाप!'

लोक गेल्यावर नटाने मुखवटा आणून दिला.
आतून घामाने भिजलेला,
ओठ मिटलेले, मी केले होते तसेच.
ओले मुखवटे सावलीत वाळवायचे असतात,
नाहीतर तडकतात. हे पोरंही जाणतात इथली.
मी तो उचलला, भिंतीवर नेला
आणि भर उन्हात ठेवला.
उद्या मालक ओरडेल.